हेडलाइट लावली की स्टिअरिंगखाली गरम होतंय आणि जळका वास येतोय? आधी हे बघा

माझी 1999 ची मारुती 800 आहे. मागच्या पावसाळ्यात गगनबावड्यावरनं रात्री येताना कळ्याच्या अलीकडं प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला, हेडलाइट मंद झाली, खटका जरा हलवला की परत नीट. स्टिअरिंगखालच्या कव्हरला हात लावला तर चांगलंच गरम. फ्यूज मात्र शाबूत.

इथंच सगळे फसतात. फ्यूज करंट वाढला तरच उडतो, आणि इथं करंट वाढलेलाच नसतो. 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर, तेवढाच जातोय, पण कपलरमधली (वायरी जोडायच्या प्लगमधली) एखादी पिन सैल किंवा काळी पडली की तिथंच अडतो आणि तिथंच उष्णता होते. पिन तापली की तिची स्प्रिंग मऊ होते, पकड अजून सुटते, अजून तापते. त्यामुळं मोठा फ्यूज टाकायचा नाद अजिबात करू नका, मला एका गॅरेजवाल्यानं तेच सांगितलं होतं, ऐकलं असतं तर एखाद दिवशी वायरिंगच पेटलं असतं.

आधी बल्ब काढून त्यावरचे वॅट वाचा. 60/55 (हाय बीम 60, लो बीम 55) असेल तर ठीक, पण जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं घाटासाठी म्हणून 100/90 टाकलेले असू शकतात, मग करंट दीडपटीहून जास्त आणि मूळ वायर नि स्विच त्याच्यासाठी नाहीतच. तसं असेल तर पहिलं ते बदला.

मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा (अँपिअरवर नको, चुकून शॉर्ट होईल). गाडी उघड्यावर उभी करा, इंजिन चालू, लो बीम चालू. कव्हर उघडून कपलर न काढता मागच्या बाजूनं वायरच्या कडेनं टाचणी आत सरकवा, टाचण्या एकमेकींना किंवा बॉडीला लागू देऊ नका. मीटरचा एक प्रोब स्विचकडं येणाऱ्या वायरवर, दुसरा जाणाऱ्यावर. काही गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला असतो, काहींत अर्थच्या (मायनसच्या), पण दोन टोकांमध्येच मोजताय म्हणून फरक पडत नाही. 0.2 व्होल्टच्या आत आलं तर स्विच बरा, 0.5 च्या वर म्हणजे चोर सापडला. माझ्याकडं 0.9 आलं. 0.9 गुणिले 9 म्हणजे 8 वॅट, झिरोच्या बल्बच्या निम्मी उष्णता एवढ्याशा पिनेत! प्रोब जरा पुढं-मागं करून मोजलं तर त्यातलं बहुतेक कपलरमध्येच पडत होतं, स्विच जवळजवळ चांगला होता. म्हणून थेट नवा स्विच घ्यायची घाई नको.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि कपलर सोडवला. एका पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी, वायरचं तांबं सोलून बघितलं तर दोन बोटं आतपर्यंत काळं. असली पिन पॉलिश पेपरनं घासून भागत नाही, पकड परत येत नाही. चांगलं चमकदार तांबं लागेपर्यंत वायर कापा, नवी पिन नीट क्रिंप करा (क्रिंपिंगच्या पक्कडीनं दाबून बसवा), नुसतं पिळून टेप मारू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात पिना सुट्या मिळतात.

ते झाल्यावर रिले (थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून घ्या, कारण खरा भार स्विचवरनं जायलाच नको. बॅटरीपासनं 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच 20 अँपिअरचा फ्यूज, मग रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 वरनं बल्ब, आणि जुनी वायर फक्त 85-86 ची कॉइल चालवायला. लो आणि हाय बीमला वेगवेगळा रिले लागतो. ज्यांचा स्विच अर्थच्या बाजूला आहे त्यांनी मात्र जोडणी इलेक्ट्रिशियनकडनंच करून घ्या, तिथं हे जसंच्या तसं चालत नाही.

शेवटी दहा मिनिटं लाइट लावून पुन्हा मोजा, आणि बोटाच्या मागच्या बाजूनं कपलर, फ्यूजची क्लिप, रिलेचा बेस सगळं चाचपा, कोमट चालेल, चटका नको.