फुलणारं ग्राउंडकव्हर लावताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

लॉन पाणी फार पितं, मग कुणीतरी सांगतं की ग्राउंडकव्हर, म्हणजे पसरून जमीन झाकणारी बुटकी झाडं लावा, एकदा लावलं की बघायला नको. खरंय, पण ते दुसऱ्या वर्षापासून, पहिले सहा महिने तुम्ही आणि तुमचं खुरपं.

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे लव्हाळा. घराच्या पुढच्या पट्टीतलं गवत वरवर उपटलं, शेणखत टाकलं आणि पिंटो पीनटची (भुईमुगासारखं, पिवळ्या फुलांचं पसरणारं झाड) कटिंग्ज खोचून मोकळा झालो. लव्हाळ्याच्या गाठी खाली तशाच होत्या, वरची पात उपटली की गाठ परत फुटते, आणि पीनटची जाळी विणली गेल्यावर तिच्यातून लव्हाळा वेगळा काढणं निव्वळ अशक्य. शेवटी सगळा वाफाच खणला. आता मी मे महिन्यात वीतभर खणून गाठी आणि हरळीच्या मुळ्या वेचतो, पाणी मारून पंधरा दिवस थांबतो, परत जे उगवेल ते मुळासकट काढतो आणि मगच जूनचा पाऊस लागला की लावतो. कंटाळवाणं आहे, पण हे टाळू नका.

दुसरं, फुकट मिळतेय म्हणून वेडेलिया आणणं. पिवळी फुलं बारमाही, मरता मरत नाही, आणि हीच तर गोची आहे! प्रत्येक पेराला मूळ फुटतं, शेजारच्या कुंपणाखालून पलीकडे जाते, आणि जगातल्या 100 सर्वात त्रासदायक आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. लावलीच असेल तर कापलेले वेल ओढ्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर फेकू नका, तिथेही रुजतात.

फुलंच येत नाहीत अशी तक्रार असेल तर आधी ऊन बघा. निळा इव्हॉल्व्ह्युलस मी आंब्याखाली लावला होता, नुसती पानं आली, त्याला पाच-सहा तास तरी ऊन पाहिजे. आणि त्याची फुलं दुपारनंतर मिटतात, त्यामुळे संध्याकाळी घरी येणाऱ्याला वाटतं की झाड फुलतच नाही. ऑफिस टाइमचंही (पोर्तुलाका) तेच, तो फुलतो तेव्हा आपण ऑफिसात. अर्ध्या सावलीत पीनट चालतं, फुलं थोडी कमी येतात एवढंच.

फुलांसाठी युरिया तर अजिबात नको, नुसता पाला माजतो. पीनट तर भुईमुगाच्या घराण्यातलं, मुळांवरच्या गाठींमधून स्वतःचं नत्र स्वतः मिळवतं. त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर बहुतेक लोह कमी पडतंय, चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरच्या जड पाण्यावर असं होतं, तिथे चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारणी करा.

काळ्या मातीत पाणी साचतं आणि ऑफिस टाइम श्रावणापर्यंत कुजून जातो, म्हणून वाफा चार-सहा इंच उंच करा आणि मातीत भरपूर शेणखत मिसळा. कोकणातल्या जांभ्यावर निचऱ्याचं टेन्शन कमी, पण पाऊसच इतका की ऑफिस टाइम तिथे पत्र्याखाली कुंडीतच बरा.

अंतराचा हिशोबही आधी करा. 100 चौरस फुटांना 9 इंचांवर साधारण 180 रोपं लागतात, 6 इंचांवर 400! सगळी विकत घेऊ नका, रोपांच्या दहा-पंधरा पिशव्या आणा आणि पावसाळ्यात चार इंचांची कटिंग्ज करा, दोन पेरं मातीत जाऊ द्या.

छाटायला जीव होत नाही लोकांचा. जांभळी पसरणारी घाणेरी पाऊस संपला की अर्धी कापा, फुलं नव्या फुटव्यावर येतात, न कापलेली मधून उघडी काड्या काड्या दिसते. कापताना हातमोजे घाला, आणि पाऊस असेपर्यंत रात्री एकदा टॉर्च घेऊन चक्कर मारा, दाट पाल्याखाली गोगलगायी बसलेल्या असतात, त्या चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाका, मीठ वाफ्यात मात्र टाकू नका.