हरवलेल्या इंटरप्टचा माग कसा काढावा

नेटवर्क कार्ड ड्रायव्हरला सापडतं, त्यावरचा दिवा लुकलुकतो, पण पॅकेट मात्र एकही आत येत नाही. अशा वेळी बरेच जण ड्रायव्हर पुन्हा टाकतात, नाहीतर बूट पर्याय (मशीन सुरू होताना लिनक्सला द्यायच्या सूचना) एकामागून एक बदलत बसतात. कृपया तसं करू नका. पॅकेट आलं की कार्ड सीपीयूला हाक देतं, ती हाक म्हणजे इंटरप्ट; ती पोचली नाही, तर पॅकेट आत येत नाही. इंटरप्टची वाट ठरलेली असते: उपकरण, आयओ-एपिक (इंटरप्ट सीपीयूकडे धाडणारा कंट्रोलर), सीपीयू आणि शेवटी ड्रायव्हरचा हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारा कोड). तो कुठे हरवतो ते आधी शोधायचं, दुरुस्तीला हात नंतर घालायचा. पुढच्या पायऱ्या एक्स८६ वरच्या लिनक्ससाठी आहेत.

पायरी १: आकडे मोजा

'/प्रॉक/इंटरप्ट्स' ही फाइल उघडा. प्रत्येक ओळीत इंटरप्टचा क्रमांक, दर सीपीयूमागे एक आकडा, मग कंट्रोलरचं नाव आणि शेवटी ड्रायव्हर किंवा उपकरणाचं नाव असतं. फाइलची एक प्रत ठेवा, एखादा पिंग (नेटवर्क चाचणीचं पॅकेट) पाठवा, लगेच दुसरी प्रत घ्या. तुमच्या कार्डाचा आकडा वाढला, तर मार्ग ठीक आहे. चूक पुढे ड्रायव्हरमध्ये शोधा. वाढला नाही, तर दुसऱ्या कुठल्या ओळीचा आकडा उगाच वाढतोय का ते बघा. हे बघायचं हमखास राहून जातं, आणि उत्तर बहुधा तिथेच असतं.

माझ्याकडच्या एका मशीनवर कार्ड १७ क्रमांकावर नोंदलेलं होतं आणि आकडा शून्यावरून हलत नव्हता. पिंग पाठवला आणि १९ चा आकडा, जिथे यूएसबी कंट्रोलर होता, क्षणात लाखाच्या घरात जाऊन थिजला. पाठोपाठ यूएसबी कीबोर्ड अडखळू लागला. मी दोन संध्याकाळी यूएसबीवर घालवल्या. दोष त्याचा नव्हताच.

पायरी २: कर्नलचा संदेश नीट वाचा

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांच्या नोंदीत, 'आयआरक्यू १९: नोबडी केअर्ड' अशी ओळ दिसली, तर तिचा अर्थ असा: या लाइनवर (इंटरप्ट आणणाऱ्या तारेवर) आलेल्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक इंटरप्ट कुठल्याच हँडलरने आपले म्हटले नाहीत, म्हणून कर्नलने ती लाइन बंद केली. लाइन लेव्हल-ट्रिगर्ड असेल, तर उपकरणाला पोच मिळेपर्यंत ती सक्रियच राहते. चुकीच्या दारावर थाप पडत राहते, आतला 'माझं नाही' म्हणतो, आणि थाप थांबत नाही. संदेशात ज्याच्या हँडलरचं नाव येतं, तो बहुतेकदा फक्त त्या दारामागे राहणारा असतो. काउंटर लाखाच्या आसपास थांबलेला दिसला की मला पहिला संशय अशा चुकीच्या दाराचाच येतो.

पायरी ३: मार्ग चुकला की हँडलर?

'आयआरक्यूपोल' पर्याय देऊन बूट करा. यात बेवारस इंटरप्ट आला की कर्नल इतर लाइनवरच्या हँडलरनाही विचारतो. मंद का होईना, पण कार्ड चालू लागलं, तर हँडलर शाबूत आहे आणि मार्ग चुकला आहे. हे निदान आहे, इलाज नव्हे. हा पर्याय कायमचा ठेवू नका.

पायरी ४: तक्ता तपासा

पीसीआयच्या (कार्ड जोडायच्या बसच्या) चार इंटरप्ट पिना, आयएनटी-ए ते आयएनटी-डी, कुठल्या लाइनला जोडल्या आहेत हे फर्मवेअर (बोर्डावरचं बायोससारखं सॉफ्टवेअर) एसीपीआयच्या, म्हणजे हार्डवेअरची माहिती कर्नलला देण्याच्या पद्धतीतल्या, पीआरटी तक्त्यात सांगतं. कर्नल त्यावर विश्वास ठेवतो. 'एसीपीआय=नोआयआरक्यू' हा बूट पर्याय (यात कर्नल हा तक्ता वापरत नाही) दिल्यावर क्रमांक बदलून कार्ड चालू लागलं, तर संशय या तक्त्यावर घ्या. माझ्या मशीनवर फर्मवेअरची नवी आवृत्ती टाकल्यावर कार्ड १९ वर आलं आणि प्रश्न मिटला.

ड्रायव्हर आणि कार्ड दोघांनाही एमएसआय (तारेऐवजी संदेशाने इंटरप्ट देण्याची सोय) जमत असेल, तर ते चालू करणं जास्त चांगलं. त्यात पिनांचा संबंधच येत नाही. उपकरण ठरलेल्या पत्त्यावर लिहून इंटरप्ट देतं. उलट बिघाड एमएसआयमध्येच असेल, तर 'पीसीआय=नोएमएसआय' या एमएसआय बंद करणाऱ्या पर्यायाने तो उघडा पडतो. एका बूटला एकच पर्याय बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

सीपीयू अ‍ॅफिनिटी (इंटरप्ट कुठल्या सीपीयूकडे जायचा ते) मी शेवटी बघतो. '/प्रॉक/आयआरक्यू' खालच्या त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ती मिळते.

एवढं करूनही अडलं, तर कर्नलच्या लोकांना कळवताना पिंगच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रती, पूर्ण डीमेसेज आणि 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' चं आउटपुट (पीसीआय उपकरणांची सविस्तर यादी) जोडा. ही शेवटची आज्ञा रूट म्हणून चालवा, नाहीतर एमएसआय चालू आहे की नाही हे त्यात दिसत नाही.