बागेतलं अनोळखी फुलझाड ओळखताना या चुका टाळा

आधीच्या मालकाने लावलेलं किंवा आपसूक उगवलेलं झाड अचानक फुलावर आलं की पहिला फोटो फुलाचाच निघतो. तो चार जणांना जातो आणि चार वेगवेगळी नावं परत येतात. सांगणाऱ्यांची त्यात फारशी चूक नसते. ओळखायला लागणारी निम्मी माहिती त्या फोटोत आलेलीच नसते.

रंगावरून नाव ठरवणं

पानगळ झालेलं झाड गुलाबी फुलांनी भरलं की कुणीतरी 'चेरी ब्लॉसम' म्हणून मोकळं होतं. उष्ण प्रदेशात असं झाड बहुधा दुसरंच काही असतं. एक फूल हातात घ्या. वाटाण्याच्या फुलासारखी ठेवण असेल, म्हणजे वर एक रुंद पाकळी, बाजूला दोन पंख आणि खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन पाकळ्या, तर गिरिपुष्पाचा संशय घ्या. पाकळ्या एकमेकींना चिकटून कर्णा झाला असेल आणि फूल अख्खंच्या अख्खं गळून खाली पडत असेल, तर गुलाबी टाबेबुइया तपासा. पाच सुट्या पाकळ्या आणि तीन लांब, वळलेले पुंकेसर, त्यांच्या मध्यावर गाठीसारखा फुगवटा दिसला तर तो गुलाबी बहावा, म्हणजे कॅशिया जावानिका. खऱ्या चेरीच्या साध्या फुलात पाच सारख्या पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका असतो. चारही झाडं लांबून गुलाबीच दिसतात. म्हणून रंग शेवटी पाहायचा. आधी पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, किती, सारख्या की लहानमोठ्या, आणि पुंकेसर किती, एवढं कागदावर लिहून काढा.

जी 'पाकळी' वाटते ती पाकळी नसण्याचीही शक्यता असते. बोगनवेलीचा सगळा रंग फुलाजवळच्या पानांचा असतो. खरी फुलं मधल्या बारीक नळ्या. बॉटलब्रशचा लाल रंग पुंकेसरांचा.

पर्णिकेला पान समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त झाडं इथे चुकतात. 'पानं छोटी, लंबगोल, समोरासमोर' असं वर्णन येतं आणि ते पान नसतंच, संयुक्त (अनेक तुकड्यांत विभागलेल्या) पानाचा एक तुकडा, म्हणजे पर्णिका, असतो. शोधायचा कसा? देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात डोळा, म्हणजे छोटी कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. डोळा सापडेपर्यंत मागे मागे जात राहा. जिथे सापडेल तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. कधीकधी ते हातभर लांब निघतं!

हे जमलं की फूल नसतानाही बरंच कळतं. गुलमोहर आणि नीलमोहर, दोघांचीही पानं पिसासारखी दुहेरी विभागलेली असतात आणि बिनफुलाच्या दिवसांत माणसं हमखास गोंधळतात. गुलमोहराची पानं फांदीवर एकाआड एक, नीलमोहराची समोरासमोर. खाली शेंग पडली असेल तर प्रश्नच मिटला: गुलमोहराची लांब, तलवारीसारखी, नीलमोहराचं फळ चपटं, गोलसर आणि लाकडी.

सप्तपर्णी आणि काटेसावरीचंही तसंच. वरून पाहिलं तर दोन्हींत पाच-सात पात्यांचा पंजा दिसतो. सावरीत सगळी पाती एकाच लांब देठाच्या टोकाला जुळलेली असतात, तो देठ गळला की पंजा अख्खा गळतो. सप्तपर्णीत प्रत्येक पान स्वतंत्र, फांदीच्या एकाच पेरावर गोल बसलेलं, आणि त्या गोलाच्या मधून फांदी पुढे वाढलेली दिसते. सप्तपर्णीचं पान तोडलं तर पांढरा चीकही येतो.

पानांची मांडणी पाहताना फांदीचं अगदी कोवळं टोक घेऊ नका. तिथे पानं दाटीने असतात आणि मांडणी फसवते. थोडं मागचं, सरळ वाढलेलं पेर घ्या. पानं गळली असतील तर देठांच्या खुणा सालीवर राहतात, त्यांवरूनही काम भागतं.

बुडातल्या फुटव्याची पानं पाहणं

रोपाची पानं आणि मोठ्या झाडाची पानं सारखी असतीलच असं नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपाला आधी बारीक संयुक्त पानं येतात, पुढे झाडावर दिसतात ते पानासारखे चपटे झालेले देठ. आणि झाड कलमी असेल तर खालून फुटलेला फुटवा मुळी वेगळ्याच झाडाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाचा, असू शकतो. कलमी लिंबूवर्गीय झाडांत हे वारंवार होतं. खोडावर कलमाचा सांधा, थोडा फुगीर किंवा तिरका, दिसतो का बघा आणि त्याच्या वरची फांदीच नमुन्याला घ्या.

चव घेऊन पाहणं

नको. कण्हेर आणि बिट्टी, दोन्हींच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. कडुलिंब समजून बकाणाची फळं हाताळली जातात, तीही विषारीच. फरक पानात आहे: कडुलिंबाचं पान एकदाच विभागलेलं आणि फुलं पांढरी, बकाणाचं पान दोनदा-तीनदा विभागलेलं आणि फुलं जांभळट. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पान चुरगाळून वास घेणं सहसा पुरतं, आणि लिंबाच्या कुळातली पानं उजेडासमोर धरली तर अर्धपारदर्शक ठिपके दिसतात. कुंतीतही दिसतात.

ॲपचं पहिलं उत्तर अंतिम मानणं

प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, गूगल लेन्स ही कामाची साधनं आहेत, पण ती सुचवतात. त्यांच्या यादीतली पहिली चार-पाच नावं एकाच कुळातली किंवा प्रजातीतली आली तर तो धागा पकडण्यासारखा असतो. दर वेळी वेगळंच कूळ आलं तर दोष बहुतेक फोटोचा. उजळ आकाशाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत फूल काळं पडतं, म्हणून मागे तळहात धरा, मापही कळतं. फूल समोरून, बाजूने आणि खालून, म्हणजे देठाकडचा हिरवा कोश दिसेल असं. डोळ्यासकट पूर्ण पान. पानाची पाठ. साल, फळ, आणि लांबून अख्खं झाड. आयनॅचरलिस्टवर हे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला आणि झाड लावलेलं आहे अशी खूण न विसरता करा.

नाव मिळालं की त्याच्याशी जुळणाऱ्या गोष्टी सगळेच शोधतात. मी न जुळणारी एक गोष्ट शोधायला सांगेन.

जवळच्या भावंडांपाशी घाई करणं

कांचन (शास्त्रीय नाव बाहुनिया) इथपर्यंत पोचणं सोपं, कारण पान आपट्यासारखं दुभंगलेलं. पुढे खरी कसरत. बाहुनिया पर्प्युरियाच्या पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या, परागकोश असलेले पुंकेसर साधारण तीन, आणि ती झाडावर पानं असताना, पावसाळा सरताना फुलते. बाहुनिया व्हेरिएगाटाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, पुंकेसर साधारण पाच, आणि ती हिवाळ्याच्या शेवटी बहुतेक पानं झडल्यावर फुलते. पाच पुंकेसर, गडद गुलाबी-जांभळी मोठी फुलं, आणि शेंग कधी धरतच नसेल, तर बाहुनिया ब्लेकियाना, हा वांझ संकर. इथे मराठी नावांवर विसंबू नका. देवकांचन, रक्तकांचन ही नावं अदलून-बदलून वापरली जातात. 'चाफा' तर त्याहून निसरडा: सोनचाफा, पांढरा चाफा, नागचाफा आणि हिरवा चाफा चार वेगळ्या कुळांतले आहेत.

ओळख पटण्याआधीच छाटणी

फुलं सरली की झाड आवरायचा मोह होतो. पण छाटलेल्या फांद्यांबरोबर शेंगाही जातात. शिवाय मागच्या हंगामातल्या लाकडावर फुलणारं झाड असेल तर चुकीच्या वेळच्या छाटणीने पुढचा बहरही बुडतो. अडचण करणारी किंवा वाळलेली फांदी काढा, बाकीचं फळ पिकेपर्यंत राहू द्या. तोवर वहीत 'बाहुनिया, कोणती ते शेंग आल्यावर' एवढं लिहून ठेवलं तरी चालतं.