युद्धाची काळी-पांढरी मुद्राचित्रं वाचताना

मुद्राचित्रण, म्हणजे ठोकळा, दगड किंवा धातूच्या प्लेटवरून कागदावर चित्र छापणं, शिकायला नव्याने आलेल्यांना मी आधी एकच सांगते: ‘काळं म्हणजे मृत्यू, पांढरं म्हणजे आशा’ हे वाक्य वहीत लिहू नका. ते कुठल्याही चित्राला चालतं, म्हणूनच ते पोकळ आहे. त्याऐवजी समोरच्या चित्रातला काळा कसा तयार झाला, ते बघा.

जर्मन चित्रकार केथे कोलविट्झ घ्या. तिचा धाकटा मुलगा पीटर १८ व्या वर्षी, ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. भरती व्हायला वडिलांची संमती लागत होती आणि ते राजी नव्हते; मुलासाठी शब्द टाकला तो तिनेच. ‘युद्ध’ ही तिची सात वुडकटांची (लाकडी ठोकळा कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका १९२१-२२ मधली. त्यातलं ‘आई-वडील’ बघा. दोघं गुडघ्यांवर, एकमेकांत रुतलेली. बापाने तोंड हाताने झाकलंय, आईचा चेहरा दिसतच नाही. वुडकटमध्ये कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेल्याला शाई लागते. म्हणजे या दोन देहांत तिने कोरून काढल्या त्या मुख्यतः कपड्यांच्या चुण्या आणि हात. देहांचं बाकी लाकूड तसंच ठेवलं. म्हणून दोन माणसांचा एकच काळा ढीग दिसतो. वर्षानुवर्षं एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा खाऊन केलेली छापचित्रं) आणि लिथोग्राफ (दगडावर चित्र काढून घेतलेले छाप) केलेली ही बाई जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाखचे वुडकट पाहून या माध्यमाकडे वळली, हेही लक्षात ठेवा. माध्यमाची निवड हा अर्थाचाच भाग असतो.

स्पॅनिश चित्रकार गोयाचं ‘युद्धाच्या आपत्ती’ या मालिकेतलं ‘बघवत नाही’ हे एचिंग याच्या शेजारी ठेवा. गयावया करणारी माणसं उजेडात आहेत, मारणारे सैनिक मात्र चित्रात नाहीतच. उजव्या कडेतून फक्त संगिनींची टोकं आत आलीत. त्यामुळे चित्राची चौकट कुठे कापली, हे मी नेहमी तपासते. ही मालिका छापून लोकांसमोर आली १८६३ मध्ये, गोया जाऊन ३५ वर्षं झाल्यावर.

जर्मन चित्रकार ऑटो डिक्स पहिल्या महायुद्धात स्वतः खंदकात लढलेला. १९२४ च्या त्याच्या ५० एचिंग्जमध्ये ॲसिडने खाल्लेली प्लेट आणि सडणारं शरीर वेगळं करता येत नाही.

आणि युद्ध रणांगणापुरतं धरू नका. पुढे अनेक वर्षं मुंबईत राहिलेल्या चित्रकार चित्तप्रसादांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची शाईची रेखाटनं केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती उपासमार आहे. त्यांत बंदूक शोधत बसलात तर हाडकुळी माणसं निसटतील.

मोबाइलवर काळ्यातले बारकावे बुजतात. प्रत्यक्ष छाप बघायची संधी सोडू नका, भिंग जवळ ठेवा. शीर्षक वाचण्याआधी जे दिसलं ते लिहून काढा, आणि लिनोचा (सहज कोरता येणाऱ्या मऊ लिनोलियमचा) एक छोटा तुकडा स्वतः कोरून छापा.