जुन्या खानेसुमारीत पणजोबांचं नाव शोधताय? या चुका टाळा

पणजोबांच्या वरची पिढी नक्की माहीत नसली की लोक आधी जनगणनेकडे वळतात. पहिली चूक तिथंच होते. १८८१ किंवा १९३१ च्या खानेसुमारीची नावानिशी यादी सातारा-सांगलीच्या कुठल्याही कचेरीत मिळत नाही. घरोघर भरलेल्या कागदांवरून तक्ते तयार व्हायचे आणि छापले जायचे ते फक्त आकडे. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार घरोघरची नोंद कुणालाही पाहायला मिळत नाही आणि सहसा पुराव्यातही चालत नाही. त्यासाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

अपवाद एकच, आणि तो फार मोलाचा आहे. १९५१ च्या जनगणनेवरून ‘राष्ट्रीय नागरिक नोंदवही’ तयार झाली होती. तिच्यात घरवार माणसांची नावं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि धंदा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात ‘१९५१ ची जनगणना’ मागितली तर नकार मिळतो. नोंदवहीचं नाव घेऊन मागा. ती सगळ्याच गावांची शिल्लक नाही.

चुकीच्या दप्तरात शोध

तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं नाव १९६० मध्ये सांगली ठेवलं. त्याआधी मिरज, सांगली, जत, फलटण इथं संस्थानी कारभार होता. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होती. संस्थानी गावाची १९४८ पूर्वीची नोंद इंग्रजी मुलखाच्या दप्तरात कशी सापडणार? छापील खानेसुमारीचा खरा उपयोग इथं होतो: त्या साली गाव कोणत्या तालुक्यात किंवा संस्थानात होतं आणि नाव कसं लिहीत, ते तीत कळतं. कोयना धरणात गेलेल्या गावांचे कागद नव्या वसाहतीच्या तालुक्यात न शोधता आधी पाटण आणि जावळीत बघा.

फक्त सातबाऱ्यावरून वंशावळ काढणं

सर्वांत जास्त वंशावळी इथं बिघडतात. वारसाचा जुना फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद, साधारण असा असतो: ‘राणू बिन सटवा मयत. वारस मुलगे १) ज्ञानू व. २५ २) सटवा व. ११, अ.पा.क. भाऊ ज्ञानू. ज्ञानूचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.’ बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता (वयात न आलेल्याचा सांभाळ करणारा), ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या फेरफारानंतर सातबाऱ्यावर एकटा ज्ञानू दिसतो, धाकटा भाऊ गायब. धाकट्याच्या नातवंडांना पुढं जुन्या कागदात राणूचा बाप ‘सटवा’ सापडतो, तो आपलाच आजा असं समजून ते नाव जोडतात आणि राणूची अख्खी पिढी गळते. आज्याचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळं हे घरोघरी घडतं. म्हणून प्रत्येक दुव्याला वारस फेरफार (गाव नमुना ६) काढाच. बाप-लेकाच्या वयात १५ वर्षांपेक्षा कमी किंवा ६० पेक्षा जास्त अंतर आलं तर मध्ये कुणीतरी सुटलंय किंवा दत्तक आहे, असं धरून पुन्हा तपासा.

आजच्या गट नंबरावर जुना फेरफार सापडत नाही. जमिनींचे तुकडे जोडून गट केले त्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर बदलले. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घेऊन आधी जुना नंबर काढा. वारसांत मुलींची नावं नाहीत म्हणजे मुली नव्हत्या असं नव्हे. १९५६ पूर्वी मुलगे असताना मुलींची नावं वारसाला लागत नसत.

जन्म आणि शाळेची नोंद जशीच्या तशी धरणं

गाव नमुना १४ मध्ये जन्माची नोंद बारशाआधी व्हायची. मुलाचा रकाना कोरा किंवा नुसतं ‘मुलगा’, म्हणून बापाच्या नावानं शोधा. शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती बहुधा अंदाजानं घातलेली असते. शाळेतल्या आडनावावरही अडून बसू नका; एकाच भावकीत कुणी ‘पाटील’ लावतो, कुणी मूळ आडनाव.

साल आणि मोडी

जुन्या कागदावरच्या सालाचं इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली सालाला ५९०, सुहूर सालाला ५९९. फसली आणि सुहूर वर्षं मृगाला सुरू होतात, त्यामुळं जानेवारी ते मे मधल्या तारखेला आणखी एक मिळवावा लागतो. मोडी पानाचा फोटो घेताना आपल्या ओळीपुरता घेऊ नका. मथळा, रकान्यांची नावं आणि वरच्या-खालच्या ओळी आल्याच पाहिजेत, कारण मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि वाचणाऱ्याला लेखकाचं वळण शेजारच्या नावांवरून लागतं.

हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, वंशावळ वाचायला आले की सगळी ऐकून लिहून घ्या. त्यांच्याकडं गाव सोडून गेलेल्या भाऊबंदांच्या शाखा असतात, ज्या सरकारी दप्तरात एकत्र कधीच येत नाहीत. पण त्यातली निदान एक शाखा फेरफारांशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्या शाखा पेन्सिलीनंच मांडा.