आसनांची नावे कशी वाचावीत

योगवर्गात नव्याने जाणाऱ्याने आसनांची नावे पाठ करण्याच्या मागे लागू नये. ती फोडून वाचायला शिकावे, कारण यांतील पुष्कळ नावे म्हणजे शरीराने कोणती स्थिती घ्यायची याची थोडक्यात दिलेली सूचनाच असते, आणि मराठी वाचकाला त्यांतील बरेच शब्द आधीपासून ठाऊक असतात.

प्रथम शेवटचा ‘आसन’ हा शब्द बाजूला काढावा आणि संधी सोडवावा: भुजंगासनातून भुजंग, शलभासनातून शलभ म्हणजे टोळ. मग उरलेले नाव मागून पुढे वाचावे. अखेरीस बहुधा एखादी आकृती, प्राणी किंवा अवयव असतो, आणि त्याच्या आधी येणारे विशेषण ती स्थिती कशी घ्यायची हे सांगते. अधोमुख म्हणजे तोंड खाली, ऊर्ध्वमुख म्हणजे वर. सुप्त म्हणजे आडवे होऊन, उपविष्ट म्हणजे बसून. परिवृत्त म्हणजे धड पिळून. एवढी विशेषणे पक्की करणे हे नवशिक्याचे पहिले काम समजावे. बद्धकोणासन, म्हणजे तळपाय जुळवून गुडघे दोन्ही बाजूंना सोडण्याची बैठक, ज्याला येते, त्याला सुप्त बद्धकोणासन हे नाव ऐकताच पाठीवर आडवे व्हायचे आहे हे कळते. त्रिकोणासन आणि परिवृत्त त्रिकोणासन यांतील फरकही असाच नावातच सांगितलेला आहे.

परिचित दिसणारे काही शब्द मात्र मराठी वाचकाला चकवतात, आणि तेथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. पश्चिमोत्तानासनातील ‘पश्चिम’ ही शरीराची मागची बाजू आहे, कारण पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या साधकाची पाठ पश्चिमेला येते. ‘उत्तान’ म्हणजे येथे उताणे नव्हे, तर चांगले ताणलेले. हा अर्थ ध्यानात ठेवून पुढे वाकणारा माणूस टाचेपासून मानेपर्यंतच्या ताणाकडे लक्ष देतो. कपाळ गुडघ्यांना टेकवण्यासाठी पाठीची कमान करून ओढाताण करत नाही, आणि माझ्या मते नावाचा अर्थ शिकण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. पूर्वोत्तानासनात याच न्यायाने शरीराची पुढची बाजू ताणली जाते.

श्वासाचे शब्द थोडे आहेत. श्वास घेणे हा पूरक, सोडणे हा रेचक आणि रोखणे हा कुंभक. भरलेला श्वास रोखला तर अंतःकुंभक, सोडून रोखला तर बाह्यकुंभक. बंध तीन: गुदद्वाराजवळचे स्नायू आकुंचित करणे हा मूलबंध, पोट आत व वर खेचणे हा उड्डियान, आणि हनुवटी छातीकडे नेऊन कंठ आवळणे हा जालंधर. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात या तिन्हींचे वर्णन आले आहे, त्यामुळे आपल्याकडे ही नावे योगवर्गांच्या कितीतरी आधीपासून कानांवर आहेत. परंतु नाव समजले म्हणून कुंभक व बंध घरी एकट्याने करून पाहू नयेत. विशेषतः उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी श्वास रोखू नये. वर्गात कुंभकाची सूचना आली की त्यांनी शिक्षकाला तसे सांगून पूरक आणि रेचक संथपणे चालू ठेवावेत.