काउंटरटॉपच्या आधी पाइप बघा

अमेरिकेत 1978 ते 1995च्या दरम्यान बांधलेलं सबर्बमधलं घर घेतलंय आणि किचन नवं करायचंय? ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, हा घोळ नंतर घाला. आधी टॉर्च घेऊन वॉटर हीटरपाशी जा. करड्या, जरा वाकणाऱ्या पाइपवर ‘पीबी2110’ असा छाप दिसला, तर तो पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचा. पाण्यातल्या क्लोरीनने तो आतून ठिसूळ होतो, वरून मात्र ठणठणीत दिसतो. भिंती उघडलेल्या असतानाच त्याच्या जागी पेक्स (दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचा पाइप) टाकून घ्या. जनरल कॉन्ट्रॅक्टरकडून त्याचा दर वेगळा लिहून घ्या. शिवाय प्रत्येक हप्त्याला प्लंबरच्या सहीची लीन वेव्हर (घरावर बोजा चढवायचा हक्क सोडल्याची चिठ्ठी) मागाच. कॉन्ट्रॅक्टरने प्लंबरचे पैसे थकवले, तर बोजा आपल्या घरावर चढू शकतो, आपण सगळे पैसे चुकते केले असले तरी.